फायर ब्रिगेड

नांदेड-लातूरकडे आग लागली की ‘बंब बोलवा’ म्हणतात. हा ‘बंब’ पोर्तुगीज ‘बोंबा’वरून, म्हणजे पंपावरून आलेला. ‘फायर ब्रिगेड’मधला ‘ब्रिगेड’ मात्र लष्करी शब्द : इटालियन ‘ब्रिगाता’ म्हणजे टोळी, तिथून फ्रेंच आणि मग इंग्रजी. लंडनच्या विमा कंपन्यांनी १८३३ साली आपापली पथके एकत्र केली, तेव्हा त्या संस्थेच्या अधिकृत नावात ‘ब्रिगेड’ नव्हते. ते आले १८६६ मध्ये, ‘मेट्रोपॉलिटन फायर ब्रिगेड’मुळे. आपल्या ‘अग्निशमन दला’तल्या ‘दल’ शब्दाने ती फौजेची छटा अचूक टिपली आहे. तरी लोकांच्या तोंडी माणसांची फौज नाही, पाणी फेकणारे यंत्रच राहिले.