निर्लेखनाच्या यादीतलं मीटर आणि २४ पिनांचं सॉकेट

परवा तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात गेलो होतो. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं एक एलसीआर मीटर निर्लेखनाच्या, म्हणजे भंगारात काढायच्या, यादीत होतं. का, म्हणून विचारलं. सर म्हणाले, "मीटर उत्तम आहे हो. त्याला जोडलेला कॉम्प्युटर मेला." जुनं कार्ड नव्या कॉम्प्युटरमध्ये बसत नाही, जुनं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या पुढे चालत नाही, आणि विक्रेत्याचं उत्तर एकच: नवीन घ्या. तोवर एमएस्सीची मुलं शेकडो आकडे वहीत हाताने उतरवत होती.

मी मीटरच्या मागे डोकावलो. २४ पिनांचं ओळखीचं सॉकेट दिसलं आणि जीव भांड्यात पडला.

या सॉकेटची गोष्ट सांगण्यासारखी आहे. साठच्या दशकात ह्यूलेट-पॅकार्ड म्हणजे एचपी ढीगभर मोजमापयंत्रं बनवायची, पण ती कॉम्प्युटरला जोडायची म्हटलं की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. म्हणून त्यांनी एक सामायिक बस तयार केली, एचपी-आयबी. कॉम्प्युटर धरून १५ उपकरणं, एकूण केबल जास्तीत जास्त २० मीटर, प्लगवर प्लग चढवत जायचं. वेग ठरवण्याची पद्धत तर आपल्या पंगतीसारखी. शेवटच्या पानापर्यंत वाढून झाल्याशिवाय पुढचा पदार्थ येत नाही, तसं सगळ्यात मंद उपकरणाने 'घेतलं' म्हटल्याशिवाय पुढचा बाइट निघत नाही. त्यामुळे जुनं आणि नवं यंत्र एकाच केबलवर सुखाने नांदतं.

पण माझ्या मते मोठी गोष्ट पुढची आहे. एचपीने हे तंत्र स्वतःपुरतं दाबून ठेवलं नाही. नाममात्र शुल्कात इतर कंपन्यांनाही ते वापरू दिलं, आणि १९७५ साली ते आयईईई ४८८ नावाचं मानक झालं. प्रतिस्पर्धी कंपन्यांनीही तेच सॉकेट लावलं. (युरोपीय मंडळींनी मात्र २५ पिनांचा वेगळा प्लग निवडला, जो दिसायला थेट सीरियल पोर्टसारखा! चुकून भलतीकडे खुपसला की यंत्राला धोका.) १९८७ साली संभाषणाचे नियम ठरले, १९९० साली आज्ञांची सामायिक भाषा आली. हे नियम पाळणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या यंत्राला 'तू कोण?' हा प्रश्न एकाच आज्ञेने विचारता येतो. ते कंपनीचं नाव, मॉडेल, अनुक्रमांक असं सगळं सांगतं.

नव्वदच्या दशकात एका बाजूला हे सॉकेट, दुसऱ्या बाजूला नेटवर्कची केबल अशी पेटी बाजारात आली. तोच गेटवे. त्याची बोलण्याची रीतही १९९५ साली व्हीएक्सआय-११ या नावाने खुली झाली. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये कार्डच नको.

तशी एक जुनी पेटी माझ्याकडे पडून होती, ती घेऊन पुन्हा गेलो. कायमचा आयपी पत्ता दिला, म्हणजे वीज गेली-आली तरी तो बदलणार नाही. मीटरच्या मेन्यूत बसवरचा क्रमांक १७ होता, तोच कॉम्प्युटरवर लिहिला. मग 'डीफॉल्ट गेटवे'चा रकाना आला. हा गेटवे वेगळा, कॉलेजच्या नेटवर्कबाहेर जायचा दरवाजा. सर भरायला निघाले, मी थांबवलं. व्हीएक्सआय-११मध्ये पासवर्ड नावाची चीजच नाही. तो काळच भोळा होता. पेटीपर्यंत जो पोचेल तो मीटर चालवेल. म्हणून रकाना रिकामा ठेवला, आणि पेटी, मीटर व एक कॉम्प्युटर एवढ्यांचं वेगळं छोटं नेटवर्क केलं. इंटरनेटचा संबंधच नाही.

कुणाला हा अतिरेक वाटेल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस आला, तेव्हा इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टांना फटका बसला. हजारो रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या. तपासणीची काही यंत्रंही त्यात सापडली. त्यांच्या पोटातले कॉम्प्युटर रुग्णालयाला स्वतः अद्ययावत करताच येत नव्हते, त्यासाठी विक्रेत्याच्या दारात जावं लागायचं.

'तू कोण?' विचारलं. पहिल्यांदा काहीच नाही. केबलचा स्क्रू ढिला होता. आवळला, पुन्हा विचारलं, आणि मीटरने आपलं नाव सांगितलं. एका विद्यार्थिनीने संध्याकाळपर्यंत पायथनमध्ये वीसेक ओळी लिहिल्या आणि आकडे थेट फाइलमध्ये पडू लागले.

मीटरचं नाव यादीतून अजून निघालेलं नाही. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मात्र पुढच्या खरेदीच्या मागणीपत्रात सरांनी एक ओळ घातली आहे: यंत्र खुल्या मानकाने जोडता आलं पाहिजे, आणि आज्ञांची पुस्तिका सोबत मिळाली पाहिजे. लेखा विभागाने त्यावर विचारलंय, "ही अट कशासाठी?" उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलंय.