देवाचा वाटा, घराचा वाटा



श्री भैरवनाथांच्या कृपेने व आपणा सर्वांच्या हातभाराने मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास गेला. या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहून द्यावे अशी समितीची आज्ञा झाली. मी तालुका कचेरीतला एक कारकून, शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. विद्वत्ता माझ्याजवळ नाही, परंतु जुनी दप्तरे चाळण्याची सवय आहे. म्हणून शिखर, कळस, मूर्ती यांचे वर्णन जाणकारांवर सोपवून मी आपल्या बैठकीत निघालेल्या एका प्रश्नाचा इतिहास पाहतो.

वर्गणीच्या पहिल्या बैठकीत दर घरामागे सारखी रक्कम ठरत होती. तेव्हा एका भगिनीने विचारले, मुलाची कॉलेजची फी आणि देवळाची वर्गणी एकाच महिन्यात आली तर आधी काय भरायचे? कोणी उत्तर दिले नाही. पुढचा विषय घ्या, असे कोणीतरी म्हणाले. काहींना तो प्रश्न भक्तीला न शोभणारा वाटला. मला तसे वाटत नाही. प्रपंच सांभाळून परमार्थ करणाऱ्या प्रत्येक घराला हा प्रश्न पडत आला आहे, संतांच्या घरांनाही पडला होता.

आपल्या पूर्वजांनी देवाची सोय कशी लावली होती ते पाहा. देवस्थानाला इनाम जमीन असे. गाव नमुना तीन म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, तिच्यात व सातबारावर इनाम वर्ग तीन असा शेरा आजही अनेक गावांत आढळतो. पुजारी हा वहिवाटदार, मालक नव्हे. मालक प्रत्यक्ष देव, आणि कायद्याने देव अज्ञान बालकासारखा मानलेला, त्यामुळे त्याची जमीन परवानगीवाचून विकता येत नाही. त्या उत्पन्नातून पूजा-नैवेद्य आणि दिवाबत्ती चालायची. शिवाय गुरव हा बलुतेदार. त्याचे बलुते खळ्यावर मिळे, म्हणजे रास झाल्यावर. पीक सोळा आणे आले तर सूप भरून, चार आणे आले तर ओंजळभर. आमच्या कचेरीत आणेवारी काढीत, आता पैसेवारी म्हणतात. देवाचा वाटा हा असा आणेवारीवर चालत असे. घर उपाशी असेल त्या वर्षी देवही थोडक्यात भागवी. बलुतेपद्धतीत उच्चनीच होते, अन्याय होता, ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. पण हिशेबाची ही एक गोष्ट तिच्यात चांगली होती.

आता तुकाराम महाराजांच्या घराकडे वळू. घराणे देहूचे, महाजनकी आणि सावकारी असलेले. वडील बंधू सावजी पत्नी वारल्यावर तीर्थयात्रेस निघून गेले, प्रपंचाचा भार महाराजांवर पडला. १६२९-३० चा दुष्काळ महाराष्ट्रात भयंकर झाला. त्यात महाराजांची पहिली पत्नी व मुलगा गेले, व्यापार बुडाला. यानंतर त्यांनी काय केले? चरित्रकार महिपती सांगतात की, देहूचे पूर्वजांचे विठ्ठल मंदिर मोडकळीस आले होते, त्याचा जीर्णोद्धार त्यांनी स्वतः माती कालवून, स्वतःच्या श्रमाने केला. जवळ पैसा नव्हता, हात होते.

पुढची हकीगत कीर्तनात आपण ऐकतो, पण तिच्यातले एक कलम बहुधा सुटते. कर्जाची खते इंद्रायणीत बुडवायची ठरली तेव्हा धाकटे बंधू कान्होबा यांनी आपल्या लेकराबाळांसाठी आपला वाटा मागितला. महाराजांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. कान्होबांची वाटणी त्यांच्या हवाली केली आणि फक्त स्वतःच्या वाट्याची खते पाण्यात सोडली. मला कारकुनाला ही गोष्ट फार मोठी वाटते. भावाचा वाटा आपल्या वैराग्यात त्यांनी ओढला नाही. उत्साहाच्या भरात सगळ्या कुटुंबाची मिळकत देवाला वाहून मोकळे होणारे आपण पाहतो. मग मागे राहिलेल्यांनी काय करावे?

आणि जिजाई. कीर्तनकार तिला कजाग ठरवून हशा मिळवतात. पण चूल तिलाच पेटवावी लागे, आणि महाराज डोंगरावर असले की भाकरी घेऊन तीच जाई. घरात दाणा नाही असे म्हणणे हा काही देवाचा द्वेष नव्हे.

पैठणच्या एकनाथ महाराजांनी तर संसार शेवटपर्यंत केला. पत्नी गिरिजाबाई, मुलगा हरिपंडित, लेकी, येणारे-जाणारे असे भरलेले घर. तो संसार सांभाळून १५७३ मध्ये भागवतावरची टीका पुरी केली, १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर सरकारी अधिकारी होते. हिशेबात एका पैची चूक सापडेना म्हणून नाथ रात्रभर जागले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. कथा असो, पण परमार्थाचा पहिला धडा आपल्या लोकांनी हिशेबाच्या वहीतच ठेवला, याचे मला नोकरमाणूस म्हणून समाधान वाटते.

जीर्णोद्धार म्हटला की अहिल्याबाई होळकरांचे नाव आलेच. काशी विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० च्या सुमारास उभे केले, वेरुळचे घृष्णेश्वर केले, घाट आणि धर्मशाळा किती तरी. होळकरांकडे दौलतीचा हिशेब वेगळा आणि खासगीचा वेगळा असे. बाईंचा दानधर्म मुख्यतः खासगीतून झाला. रयतेच्या साऱ्याचा पैसा आणि स्वतःच्या पुण्याचा पैसा एकात मिसळू नये ही त्यातली दृष्टी.

ही घडी विसकटली ती रोख पैशाने. इंग्रजी अमदानीत जमिनीची मोजणी होऊन सारा तीस-तीस वर्षांसाठी रोखीत ठरला. पाऊस पडो न पडो, आकडा तोच. मग सावकार आला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते काढून जाळली आणि दंगा गावोगाव पसरला. कर्जात लग्नाचा, बारशाचा, तीर्थयात्रेचा खर्चही असे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात धर्मविधींच्या नावाने कुणब्याला जन्मापासून मरणापर्यंत कसे लुबाडले जाते ते रोखठोक लिहिले. देवळाच्या स्मरणिकेत हे कशाला, असे कोणी म्हणेल. मला वाटते येथेच हवे.

त्याच मार्गाने गाडगे महाराज गेले. हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात सांगत की देवासाठी कर्ज काढू नका, कोंबडे-बकरे कापू नका, भांडी मोडावी लागली तरी पोराला शाळेत घाला. त्यांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा बांधल्या. लाखोंची देणगी आली, पण स्वतः फुटक्या गाडग्यात जेवले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्या चोखोबांना देवळाच्या पायरीवर थांबावे लागले त्यांच्या नावाची वास्तू विद्येच्या कामी आली. पंढरीचे दार सर्वांना उघडले ते साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणानंतर.

आपल्या गावासारख्या गावांचा आणखी एक आधार म्हणजे मुंबई. १८५४ मध्ये दावर यांनी पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला, तेव्हापासून कोकण-घाटावरची माणसे गिरणगावात जाऊ लागली. एका गावची दहा-वीस माणसे चाळीत एकच खोली घेत, पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत. पगार झाला की मनिऑर्डर. तिच्यात म्हातारीचे औषध, सोसायटीचा हप्ता आणि यात्रेची वर्गणी अशी तीन कलमे असत. कित्येक देवळांतल्या घंटा त्या पैशाच्या आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि पुष्कळांना गिरणी पुन्हा दिसली नाही. त्या वर्षांत गावोगाव जत्रा साध्या झाल्या. देव कोणावर कोपल्याचे ऐकिवात नाही.

हा इतिहास समितीपुढे मांडल्यावर बरीच वादावादी झाली. काहींचे म्हणणे, सक्ती नसली तर काम अडेल. अखेर दर घरामागची सारखी रक्कम रद्द झाली. ज्याला जमेल त्याने रोख, धान्य वा श्रमदान द्यावे, आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च चालू आहे त्या घरी पावतीपुस्तक घेऊन जाऊ नये असे ठरले. कामाला उशीर झाला खरा, पण कर्ज एका पैशाचे नाही. श्रमदान करणाऱ्यांची नावे देणगीदारांच्या यादीनंतर छापली आहेत, त्यांच्यापुढे आकडा नाही.

आता राहिली दिवाबत्ती. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी नंदादीपाच्या वर्षभराच्या तेलाचे पैसे मोबाईलवरून एका दिवसात पाठवले, त्यांचे आभार. तेल आले, वात लावायला मात्र माणूस लागतो. पूर्वी ते काम एका घराकडे असे. आता त्या घरातली मुले नोकरीनिमित्त बाहेर आहेत, आणि त्यांनी नोकरी सोडून यावे असे म्हणणे योग्य नाही. म्हणून घरोघर पाळी लावली आहे. एका घराला महिन्यातून एक संध्याकाळ येते. बाहेरगावच्या कुटुंबांनी सुट्टीत मुलांसह आल्यावर एखादा दिवस घ्यावा अशी विनंती आहे. तक्ता सभामंडपात डाव्या हाताच्या खांबावर लावला आहे. श्रावण, कार्तिक भरले आहेत. भाद्रपद आणि पौषातले काही दिवस अद्याप रिकामे आहेत.