पायांखालचा इतिहास

"तुमच्या इतिहासाचा एकदा तरी या घराला उपयोग होऊ द्या," असे म्हणून आमच्या सौभाग्यवतीने शिवणाच्या मशीनखालून दोन्ही पाय बाहेर काढले आणि माझ्यासमोर धरले. जानेवारीतली सकाळ होती. तळवे निळसर पडले होते.

मी इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही. मुंबईतल्या एका गिरणीतला माजी कारकून आहे. पण वर्तमानपत्रांच्या पुरवण्या कापून ठेवायची सवय असल्यामुळे घरात मला इतिहासकाराचा दर्जा आहे. म्हणजे माझे बोलणे कुणी शेवटपर्यंत ऐकत नाही.

तक्रार साधी होती. ही शिवते मागच्या पडवीत, आणि पडवीची फरशी हिवाळ्यात पाय ठेववत नाही इतकी गार. "भिवपुरीला कसली आलीय थंडी!" असे मुंबईचे पाहुणे म्हणतात. ते दुपारच्या गाडीने येतात आणि संध्याकाळच्या गाडीने जातात, म्हणून म्हणतात. डोंगराच्या पायथ्याला एक रात्र काढली, की सकाळी आमच्याकडे शाल मागतात. शिवणारीला जाड सपाता घालून चालत नाही, कारण पायडलचा अंदाज अनवाणी पायालाच येतो. शिवाय बेतायचे टेबल शिंप्याकडे असते. घरातली बाई कापड जमिनीवर पसरते आणि गुडघ्यांवर रांगत कापते. पासष्टीच्या गुडघ्यांना ही फरशी म्हणजे शिक्षाच.

मी ताबडतोब एक गालिचा आणला. गालिच्याने आठवड्यात अकरा टाचण्या गिळल्या. त्यांतल्या दोन मी शोधून काढल्या, तळपायाने. शिवाय मऊ बैठकीवर मशीन अशी डुलायला लागली, की सरळ टीप घालावी तर ती माथेरानच्या गाडीसारखी वळणे घेई. शिवणाच्या खोलीची जमीन पायाला मऊ हवी, मशीनला टणक हवी आणि पडलेली सुई तिच्यावर चटकन दिसायला हवी, हे ज्ञान मला पंधराशे रुपयांत झाले. सौभाग्यवतीला ते फुकटात होते. पण मी विचारले नव्हते.

मग शेजाऱ्यांच्या सल्ल्याने प्लास्टिकचे अंथरूण घातले, ते 'लिनोलियम' नावाने मिळते ते. खरे लिनोलियम वेगळे. ते फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने 1860 च्या दशकात काढले : जवसाचे तेल आटवून घट्ट करायचे, त्यात बुचाची पूड कालवायची आणि तागाच्या कापडावर थापायचे. इंग्लंडच्या गारठ्यात ते घरोघर गेले. हे सर्व मी हिला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे जवसाची चटणीच थापलीय की!" पण आमच्याकडचे होते निव्वळ प्लास्टिक. कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जोत्यातून वर येणारी ओल त्या प्लास्टिकखाली कोंडली, आणि श्रावणात अंथरूण उचलले तेव्हा खाली हिरवी-काळी बुरशी नांदत होती. चार फरशा पोकळ वाजायला लागल्या होत्या. शेवटी गवंडी बोलावला.

गवंड्याने छिन्नी घातली आणि माझ्यातला संशोधक जागा झाला. शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे 1968 पासून पुढे कितीतरी वर्षे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीची घरे निघाली, मातीच्या चोपलेल्या जमिनी निघाल्या आणि त्या जमिनींखाली पुरलेली घरचीच माणसे निघाली. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडून पुरायची तिथे पद्धत होती; मेलेला माणूस परत चालत येऊ नये म्हणून असावी, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. हेही मी हिला सांगितले. ती म्हणाली, "चला, त्यांचे पाय तरी गार पडत नसतील."

आमच्या पडवीत सांगाडे निघाले नाहीत. थर मात्र निघाले.

सर्वांत वर 2009 सालची पांढरी, चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी. मुलाचे लग्न ठरत होते, व्याही घर बघायला येणार होते. पडवीत व्याही कशाला जातील, असे ही तेव्हा म्हणाली होती. मी म्हटले, हात धुवायला जातील. ते गेले, "छान आहे" म्हणाले, आणि त्या 'छान'वर ही पुढे सोळा हिवाळे बसली.

त्याखाली शहाबादी. ही 1986 ची. शहाबाद आता कर्नाटकात आहे. मुंबईहून निघालेली रेल्वे 1871 मध्ये रायचूरला पोचली. शहाबाद त्याच वाटेवर, त्यामुळे तिथला करडा दगड देशभर स्टेशनांच्या फलाटांवर, स्वयंपाकघरांत आणि कचेऱ्यांत जाऊन पडला. श्रीमंतांच्या ओटीवर त्या काळात विलायती, फुलाफुलांच्या फरशा असत. पुढे फिरोजशा आणि रुस्तुम सिधवा या काका-पुतण्यांनी स्वदेशीच्या भरात 1922 साली 'भारत टाइल्स' काढली, आणि फुले देशी झाली. आमच्यापर्यंत फुले पोचली नाहीत. आम्ही थेट शहाबादीवर आलो, आणि आलो म्हणून गावात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

गवंडी म्हणाला, "साहेब, आता माती लागली."

तो थर 1982 चा. तिथे मी थोडा वेळ गप्प बसलो, म्हणून ही चमकून बाहेर आली.

त्या सालच्या 18 जानेवारीला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मी काही कामगार नव्हतो, टेबलावरचा माणूस होतो. पण गिरणीच बंद, तर टेबल काय चालणार? संप रीतसर कधी मिटलाच नाही, आणि माझी गिरणी काही पुन्हा उघडली नाही. गंमत पाहा. या गिरण्यांना वीज हवी म्हणूनच टाटांनी सह्याद्रीत पाणी अडवले. आधी 1915 मध्ये खोपोली, मग 1922 मध्ये आमची भिवपुरी. वर ठोकरवाडीचे धरण, तिथून पाचशेहून अधिक मीटर खाली येणारे पाणी, आणि पायथ्याला पॉवर हाऊस. लहानपणापासून आम्हाला अभिमान, की मुंबईची गिरणी आमच्या पाण्यावर फिरते. 1982 मध्ये पाणी येतच होते, जनित्रे फिरतच होती. गिरणी तेवढी थांबली होती, आणि गिरणीबरोबर आमचे घर.

तेव्हा आईची जुनी पायमशीन या पडवीत आली. तिला वीज लागत नव्हती. हिचे दोन पाय लागत होते. लग्नाला वर्ष झालेली ही बाई सकाळी सहापासून पोलकी, परकर, शाळेचे गणवेश आणि साड्यांना फॉल असे जे येईल ते शिवत बसे. मी काजे-बटणे शिकलो. माझे काज डोळ्यांसारखे तिरके होत, म्हणून मला बटणांवर बढती मिळाली. चार वर्षांनी शहाबादी आली ती त्या फॉलच्या पैशांतून. मागे राहिलेले पैसे मी फरशीत घातले, कारण सारवलेल्या घरात राहणाऱ्या माणसाला नोकरी कोण देणार, असा माझा तेव्हा सिद्धान्त होता. तिने काय मागितले होते, ते आठवते. मशीनजवळ खिडकी.

गांधीजींचा यंत्रांना विरोध, पण शिवणाच्या यंत्राचा त्यांनी 1924 साली एका संभाषणात अपवाद केला. सिंगर साहेबाने बायकोचे कष्ट पाहून प्रेमापोटी ते यंत्र बनवले, असे ते म्हणाले. सिंगर साहेबाचे संसार एकाहून अधिक होते आणि मुले वीसच्या वर, हा तपशील बापूंपर्यंत पोचला नसावा. तरी सिंगरवर मी काय बोलू? त्याने बायकोसाठी मशीन केली की नाही कोण जाणे, मी तर बायकोच्या मशीनखालची जमीन काढून घेतली.

ही खड्ड्यापाशी आली. चप्पल काढली, उघड्या मातीवर पाऊल ठेवले आणि तिथेच उभी राहिली. "हीच बरी होती की हो," म्हणाली.

याला शास्त्र आहे. फरशी, लाकूड आणि चटई एका खोलीत असली की तिघांचे तापमान सारखेच. पण दगड लाकडाच्या सुमारे दहापट वेगाने पायातली ऊब ओढून नेतो, म्हणून गार लागतो. चोपलेली माती आणि शेणाचे सारवण यांत गवताचे तंतू असतात, हवा असते, त्यामुळे ते ऊब हावरटासारखी ओढत नाही. पावसाच्या तोंडावर दमट हवा गार फरशीवर आली की फरशीला घाम सुटतो. माती तो पिऊन टाकते. कोरियातले लोक पूर्वी चुलीचा धूर जमिनीखालून खेळवून घर उबदार करत, त्याला 'ओंडोल' म्हणतात. मी आमच्या बंबाचा धूर पडवीखालून नेण्याची योजना मांडली. गवंड्याने माझ्याकडे न बघता हिला विचारले, "वहिनी, काय करू?"

वहिनींनी ठरवले. मशीनचे चार पाय फरशीवरच राहिले. तिच्या पुढ्यात चार फरशांची जागा मोकळी ठेवली. तिथे मुरूम, माती, चोपणी आणि वर शेणाचा हात. हातशिलाईला ही तिथेच बसते. पायडलला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. बेतायला पाच लुगड्यांची एक दडस गोधडी शिवली, टाके इतके जवळ, की सुई पडली तरी आत शिरत नाही. काम झाले की गोधडी वळकटी करून उन्हात. पावसाळ्यात माती ओली राहते, तेव्हा जेवणाचा जुना सागवानी पाट पायाखाली येतो. सगळा खर्च गालिच्याच्या निम्मा.

परवा शेजारच्या फार्महाउसचे मुंबईकर मालक आले होते. त्यांच्या बाईंनी त्या चौकोनाचा फोटो काढला आणि कुठल्या डिझायनरकडून करून घेतले म्हणून विचारले. हिने माझ्याकडे बोट दाखवले. मी नाही म्हणालो नाही.

आता दर शनिवारी सकाळी घमेले घेऊन मी शेण आणायला निघतो. गावात गोठे मोजकेच उरले आहेत. गोठेवाला विचारतो, "काका, तुमच्याकडं तर चांगली फरशी आहे, शेण कशाला?"

"संशोधनाला," मी म्हणतो, आणि घमेले डोक्यावर घेतो.