ताजा कलम

मराठी पत्राच्या शेवटी, स्वाक्षरी झाल्यावर, लेखणी खाली ठेवता ठेवता काही आठवले म्हणजे ‘ता. क.’ अशी खूण करून पुन्हा चार ओळी लिहिण्याची जी जुनी चाल आहे, तिचे मर्म असे की, मायन्यापासून आशीर्वादापर्यंतच्या रीतसर मजकुरात जे अवघडून राहते, ते पुष्कळदा या फारसी नावाच्या पुरवणीतच मोकळे होते. ग्रंथांनाही हा नियम लागू आहे. महाभारताला हरिवंश जोडला गेला तो ‘खिल’ म्हणून, मूळ ग्रंथात न मावलेल्या परंतु श्रोत्याला हव्या असलेल्या मजकुराचे परिशिष्ट म्हणून. आमच्या काळात विज्ञानकथांच्या दूरदर्शन-मालिकांनी हीच चाल इंटरनेटवर नव्याने रूढ केली आणि तिचा इतिहास नोंदवून ठेवावा इतका तो आता जुना झाला आहे.

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीने सुरू केलेली ‘डॉक्टर हू’ ही मालिका दीर्घ खंडानंतर २६ मार्च २००५ पासून पुन्हा नियमितपणे दिसू लागली, आणि पुढच्याच वर्षी प्रत्येक भागाच्या आधी मोबाइलवर व इंटरनेटवर पाहण्यासाठी सुमारे मिनिटभराच्या तेरा प्रास्ताविका तयार झाल्या. त्याच २००६ साली अमेरिकेत ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ मालिकेच्या दोन पर्वांमधील अवकाश भरून काढण्यासाठी ‘द रेझिस्टन्स’ नावाची दहा तुकड्यांची उपकथा इंटरनेटवर आली, तेव्हा हे लेखन म्हणजे जाहिरात की साहित्य आणि त्याचा मोबदला कोणी द्यावयाचा, असा तंटा उभा राहिला. ५ नोव्हेंबर २००७ पासून १२ फेब्रुवारी २००८ पर्यंत, सुमारे शंभर दिवस, अमेरिकेतील पटकथालेखकांनी जो संप केला, त्याच्या मुळाशी इंटरनेटवरील लेखनाच्या हक्काचा हा प्रश्नही होता; आणि अखेरच्या करारनाम्यात त्या लेखनावरील लेखकसंघाचा अधिकार मान्य झाला. पुरवणीलाही कर्ता असतो, ही गोष्ट अशा रीतीने दप्तरी दाखल झाली.

या चालीचे सर्वांत करुण उदाहरण २०१२ सालचे आहे. त्या वर्षी २९ सप्टेंबरला स्टीव्हन मॉफट यांनी लिहिलेला ‘दि एंजल्स टेक मॅनहॅटन’ हा ‘डॉक्टर हू’चा भाग प्रक्षेपित झाला. कोणी पाहत नसताना हालचाल करणाऱ्या आणि केवळ स्पर्शाने माणसाला भूतकाळात लोटून देणाऱ्या दगडी देवदूतांच्या तावडीत न्यूयॉर्कच्या एका स्मशानभूमीत आधी मालिकेचा कालप्रवासी नायक ‘डॉक्टर’ याचा सोबती रोरी सापडतो. त्याच्यामागून त्याची पत्नी एमी स्वेच्छेने जाते. आणि त्या नगराच्या कालप्रवाहात आधीच इतका गुंता झालेला असतो की, डॉक्टरला आपले कालयान घेऊन त्यांना परत आणावयास जाता येत नाही. डॉक्टरचा शोक आपण पाहतो, एमीने त्याच्यासाठी ठेवलेले शब्दही ऐकतो, आणि भाग संपतो.

परंतु लंडनमध्ये आणखी एक मनुष्य वाट पाहत असतो. रोरीचा पिता ब्रायन हे पात्र अभिनेता मार्क विल्यम्स यांनी त्याच महिन्यात ख्रिस चिबनॉल यांच्या दोन भागांतून उभे केले होते. हा खिशात खुरपे बाळगणारा, साधा, काळजीवाहू गृहस्थ; पूर्वीच्या सोबत्यांचे काय झाले, असे त्याने डॉक्टरला सरळ विचारले होते, आणि या दोघांना तसे काही होणार नाही असे अभय मिळाल्यावर, मुलाला व सुनेला त्याने स्वतःच्या तोंडाने प्रवासाची अनुज्ञा दिली होती. ज्याने विश्वासाने आपले सर्वस्व दुसऱ्याच्या हवाली केले, त्याला जाब तर राहोच, साधी वार्ताही पोहोचू नये, हे कथेच्या जमाखर्चात मोठे देणे राहून गेले होते.

ते देणे तेरा दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, चिबनॉल यांनीच लिहिलेल्या ‘पी. एस.’ म्हणजे अक्षरशः ‘ताजा कलम’ या नावाच्या लहानशा प्रसंगाने फेडले. मुलाच्या घरी झाडांना पाणी घालीत असलेल्या ब्रायनच्या दारी एक वयस्क अमेरिकन गृहस्थ पत्र घेऊन येतो. आपण दोघे परतणार नाही, परंतु सुखाने जगलो, बापाची उणीव सतत भासली, लहानशा अंगणात बागकाम करण्यासाठी आपणही खुरपे घेतले, आणि १९४६ साली एक मूल दत्तक घेतले, असे पुत्र त्यात लिहितो. पत्र आणणारा तो गृहस्थ, अँथनी ब्रायन विल्यम्स, हाच तो दत्तक पुत्र. आजोबाचे नाव धारण करणारा आणि आजोबाहून वयाने मोठा असलेला नातू.

हा प्रसंग कधीच चित्रित झाला नाही. रेखाचित्रे, पडद्यावर उमटणारे शब्द, आणि रोरीची भूमिका करणाऱ्या आर्थर डार्विल यांच्या आवाजातील पत्र, एवढ्याच सामग्रीवर तो इंटरनेटवर आला. या मालिकेच्या जुन्या चाहत्यांना हे रूप परके वाटण्याचे कारण नव्हते. साठोत्तर वर्षांत बीबीसीने चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्यामुळे तिचे नव्वदांहून अधिक जुने भाग नष्ट झाले. परंतु घराघरांतून प्रेक्षकांनी ध्वनिमुद्रित करून ठेवलेले संवाद आणि जॉन क्यूरा यांनी दूरदर्शनच्या पडद्यावरून टिपलेली छायाचित्रे यांच्या आधारे त्यांतील पुष्कळ भाग पुन्हा जुळविता आले. तेथे चित्र हरवले होते, येथे ते घेतलेच गेले नव्हते. दोन्हीकडे कथा जिवंत ठेवली ती स्थिर चित्राने आणि मानवी कंठाने.

गगनभेदी पराक्रम आणि कालचक्राचे कोडे यांत रमलेल्या कथेला घरी थांबलेल्या बापाचा विसर पडणे सोपे असते, आणि म्हणूनच त्याची आठवण ठेवणे हे लेखकाचे कर्तव्य ठरते. मूळ भाग ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी ही पाच-एक मिनिटांची पुरवणी अवश्य पाहावी; शेवटच्या रेखाचित्रात आजोबा आणि नातू एकमेकांना मिठी मारतात, आणि त्या मिठीपाशीच ती कथा खऱ्या अर्थाने पूर्ण होते.