इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट : मुंबई पाडणारी आणि बांधणारी संस्था कशी विसर्जित झाली?

परळच्या बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, परदेशातील शिक्षणाची वर्षे वगळता, १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. तेथून ते दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृहा'त गेले. ही चाळ आणि ती कॉलनी या दोन्हींमागे एकच संस्था होती : बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. आजचा थ्रेड तिच्या जन्मापेक्षा तिच्या अंताविषयी अधिक आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. पुढे खानदेशातही लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिले, हे आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेले असते. रोग दाट वस्तीत, अंधाऱ्या खोल्यांत वाढतो, असा सरकारचा निष्कर्ष होता. उपाय म्हणून गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या काळात १८९८ चा कायदा झाला आणि ट्रस्ट जन्मला.

खरी मेख येथे आहे. मुंबईत महापालिका होतीच. तरीही रस्ते काढणे, वस्त्या पाडणे, जमीन संपादन करणे हे अधिकार वेगळ्या मंडळाकडे गेले. अध्यक्ष सरकारने नेमलेला. महापालिकेने निवडून दिलेले विश्वस्त अल्पसंख्य. मात्र उत्पन्न कमी पडले की ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाई महापालिकेने करावयाची! पैसा करदात्यांचा आणि निर्णय सरकारचा, ही विभागणी नगरसेवकांना खुपली नसती तरच नवल.

ट्रस्टने काम केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, मोहम्मद अली रोड, दादर-माटुंग्याची आखीव उपनगरे ही त्याचीच देणगी. पण नागपाड्यासारख्या वस्त्यांतून ज्यांची घरे पाडली, त्यांतील बहुतेकांना नव्या घरांचे भाडे परवडेना किंवा ती कामापासून दूर पडत. ते शेजारच्या गल्लीत जाऊन आणखी दाटीने राहिले. प्लेगवरचा उपाय दाटी वाढवीत होता. माझ्या मते ट्रस्टचे मोठे अपयश हेच; आर्थिक ओढाताण त्यानंतरची.

(बी.डी.डी. चाळी वेगळ्या. त्या १९२० नंतर गव्हर्नर लॉइड यांच्या विकास खात्याने बांधल्या. नामसाधर्म्यामुळे गल्लत होते.)

पहिल्या महायुद्धानंतर वारे फिरले. १९१९ च्या सुधारणांनी स्थानिक स्वराज्य हे खाते निर्वाचितांना उत्तरदायी मंत्र्याकडे आले. १९२२ मध्ये महापालिकेचा मताधिकार दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्यांपर्यंत खाली आला. भाडेकरू मतदार झाल्यावर वेगळ्या ट्रस्टचे समर्थन कठीण होते. त्यातच युद्धोत्तर तेजी ओसरून जमिनीचे भाव उतरले आणि भूखंडांवर विसंबलेला ट्रस्ट अडचणीत आला. १९२५ च्या कायद्याने त्याचा कारभार महापालिकेच्या छत्राखाली आणला; १९३३ मध्ये तो पूर्णपणे विलीन झाला.

विसर्जनाने नेमके काय बदलले? जमिनी, कर्जे, चाळी महापालिकेकडे आल्या. चाळकऱ्यांचा घरमालक बदलला, भाडेकरूपण तसेच राहिले. महापालिकेतील 'सुधार समिती' हे नाव ट्रस्टचाच वारसा सांगते. एक फरक मात्र मोठा होता. एरंडोलसारख्या गावात रस्ता रखडला की माणूस नगरपालिकेत जाऊन नगरसेवकाला धारेवर धरू शकतो. मुंबईच्या या प्रश्नांपुरता तो हक्क नागरिकांना पस्तीस वर्षांनी मिळाला.

आता नागपूर पाहा. १९३६ च्या कायद्याने झालेला तेथील सुधार प्रन्यास बरखास्त करण्यास २०१९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. पुढच्या सरकारने तो निर्णय फिरवला. प्रन्यास आजही उभा आहे, आणि त्याच्या जमिनीही.