‘ना धड शेतकी, ना धड इंजिनिअरिंग’ : एक उत्तरपक्ष

कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय रत्नागिरी जिल्ह्यातच आहे. दापोलीला, १९७२ साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठात. तरी सीईटीचे गुण हाती आले की इथल्या घरांतून या शाखेचे नाव पसंतीक्रमाच्या तळाशी जाते. असे करणारे पालक अडाणी नाहीत. त्यांतल्या अनेकांनी शेती अंगमेहनतीने केलेली असते. म्हणून आधी त्यांचा पूर्वपक्ष नीट मांडायला हवा.

आक्षेप तीन आहेत. पहिला : ही पदवी अर्धवट. पीक बी.एस्सी. कृषीवाल्याला अधिक कळते. बांधकाम सिव्हिलवाल्याला, यंत्र मेकॅनिकलवाल्याला. दुसरा : ट्रॅक्टर-हार्वेस्टर हे देशावरचे खेळ, कोकणातल्या कुणग्यात, म्हणजे चिमुकल्या भातखाचरात, ट्रॅक्टर वळतही नाही, तिथे या अभियंत्याचे काम काय? तिसरा, आणि सर्वांत वजनदार : सरकारी नोकरीत त्याला जागा नाही.

पहिल्या आक्षेपाला हापूसच उत्तर देतो. २०१४ साली युरोपीय महासंघाने भारतीय आंबा रोखला, तो फळमाशीमुळे. वाट पुन्हा खुली झाली ती उष्णजल प्रक्रियेच्या अटीवर : ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर. जपानला बाष्पप्रक्रिया लागते, अमेरिकेला विकिरण. आता प्रश्न पाहा. गरातली अळी मरेल एवढी उष्णता आतपर्यंत पोचली पाहिजे, पण साल भाजता कामा नये आणि फळ पुढे नीट पिकलेही पाहिजे. उष्णतेचे वहन यंत्र अभियंता जाणतो, पण काढल्यावरही फळ श्वसन करत असते हे त्याच्या अभ्यासात नसते. फळ कृषी पदवीधर जाणतो, पण टाकी, पंप आणि तापमान-नियंत्रण यांचे गणित त्याला शिकवलेले नसते. दोन शास्त्रांच्या सांध्यावर उभे राहणे हा अर्धवटपणा असेल, तर जैववैद्यकीय अभियांत्रिकीलाही तेच म्हणावे लागेल. शिवाय ही काही कालची टूम नव्हे. अलाहाबादला मेसन वॉ यांनी हा पदवी अभ्यासक्रम सुरू केला तो स्वातंत्र्यापूर्वी, १९४२च्या सुमारास; आणि खरगपूरच्या आयआयटीने ही शाखा पहिल्या वर्षांतच, १९५२ साली, आपल्याकडे घेतली.

दुसऱ्या आक्षेपात ‘कृषी अभियांत्रिकी म्हणजे ट्रॅक्टर’ हे समीकरण गृहीत धरले आहे. यंत्रे हा या शाखेचा एक विभाग. मृद व जलसंधारण, सिंचन व निचरा, शेतमाल प्रक्रिया आणि अपारंपरिक ऊर्जा हे इतर. आणि यांतल्या प्रत्येकाचे काम कोकणात इतर कुठल्याही भागापेक्षा कमी नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे एका गुंठ्यावर तीन लाख लिटरहून जास्त पाणी. तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर येतात. याचे कारण कमी पाऊस नव्हे. जांभा सच्छिद्र, उतार तीव्र आणि समुद्र जवळ. पाणी एकतर वरून वाहून जाते, नाहीतर खाली झिरपून पऱ्यांतून निघून जाते. हा पिकाचा प्रश्न नाही, पाणी अडवण्याचा आहे. दापोलीच्या विद्यापीठाने त्यावर ‘कोकण जलकुंड’ दिले : चार मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा, आत प्लास्टिकचे अस्तर, क्षमता चार हजार लिटर. नुसत्या तोंडावर पडणाऱ्या पावसाने तो भरतो, आणि कातळावर लावलेली आंबा-काजूची कोवळी कलमे पहिला उन्हाळा काढतात. तिथलाच ‘कोकण विजय बंधारा’ ओहोळातल्या दगडांनी रचला जातो. दोन्हींत नेत्रदीपक काही नाही. खर्च शेतकऱ्याच्या आवाक्यात ठेवून प्रवाह, झिरपा आणि बाष्पीभवन यांचा हिशेब मात्र चोख आहे.

मजुरांचेही तेच. तरुण मुंबईला, बागेची राखण नेपाळी गड्यांकडे, आणि लावणीला माणूस मिळत नाही. जिथे ट्रॅक्टर वळत नाही तिथे पॉवर टिलर वळतो. म्हणजे मुद्दा यंत्र नको असा नसून इथल्या मापाचे यंत्र हवे असा आहे. विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ आंबा देठासह उतरवतो, त्यामुळे चीक सालीवर ओघळत नाही आणि फळ डागाळत नाही. पण कापल्याशिवाय फळातला साका, म्हणजे गर आतून बिघडल्याचा दोष, ओळखणारे, बागायतदाराला परवडेल असे यंत्र अजून वाड्यांवर पोचलेले नाही. काजूची बी आपण विकतो. बोंडू मात्र बहुतेक ठिकाणी झाडाखालीच कुजतो, तर शेजारच्या गोव्यात त्याचीच फेणी होते. काम नाही असे म्हणणाऱ्याने आधी ही यादी खोडून दाखवावी.

तिसरा आक्षेप मात्र बराचसा खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. २०२३ साली मृद व जलसंधारण विभागाने ६७० जलसंधारण अधिकाऱ्यांची जाहिरात काढली. पदनामापुढे कंसात ‘स्थापत्य’. ज्या विषयाचा स्वतंत्र विभाग कृषी अभियांत्रिकीत शिकवला जातो, त्याच विषयाच्या पदावर स्थापत्याचा शिक्का! त्याच वर्षी राहुरीच्या कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना कृषी सेवा परीक्षेतल्या आपल्या विषयाच्या वाट्यासाठी आंदोलन करावे लागले. पण यावरून पदवी निरुपयोगी ठरत नाही, भरतीचे नियम अपुरे ठरतात. तमिळनाडूत कृषी अभियांत्रिकीचे स्वतंत्र खाते आहे, मध्य प्रदेशात स्वतंत्र संचालनालय आहे. पदवी तीच, राज्य बदलले की मान बदलतो; तेव्हा दोष कुणाचा हे उघड आहे.

शिवाय सरकारी खुर्ची म्हणजेच करिअर हे गृहीतकही तपासायला हवे. ठिबकचा उद्योग जळगावात उभा राहिला तो खासगी उद्यमातून. ट्रॅक्टर-अवजारांचे कारखाने, शीतगृहे, अन्नप्रक्रिया, शेतकरी कंपन्यांच्या अवजार बँका ही या पदवीची खरी क्षेत्रे. पुढे शिकायचे तर ‘गेट’मध्ये या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, आणि भोपाळची केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था व लुधियानाची काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्था यांचे तर हेच कार्यक्षेत्र. यांतल्या बहुतेक नोकऱ्या रत्नागिरीत नाहीत, सुरुवातीचा पगार संगणकवाल्याइतका नसतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण चार वर्षे हा विषय शिकून नंतर पुण्याच्या अभ्यासिकेत तलाठी-लिपिकाच्या परीक्षेची वाट पाहत बसणे हे पदवीचे अपयश नव्हे, तिच्या निवडीचे आहे.

म्हणून सिद्धान्त एवढाच. सिव्हिल मिळाले नाही म्हणून इथे येणाऱ्याने येऊ नये. गणिताचा कंटाळा आणि चिखलाची किळस असलेल्यानेही नाही. पण उतारावरचे पाणी, नासणारे फळ आणि न मिळणारा मजूर या तीन गोष्टी ज्याला अडचण न वाटता सोडवण्याचे उदाहरण वाटतात, त्याने हे नाव यादीच्या तळाशी नव्हे, माथ्यावर लिहावे. आणि पालकांनी विभागप्रमुखांना ‘प्लेसमेंट किती?’ एवढेच विचारून न थांबता ‘चौथ्या वर्षाची मुले यंदा काय बनवत आहेत?’ हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठणठणीत असेल, तर पहिल्याची चिंता निम्मी होते.