क्वार्टरबॅकची चूक : एका खेळाचा शंभर वर्षांचा हिशेब



आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने अमेरिकन फुटबॉलवर का बोलावं? आमचं उत्तर साधं आहे. दडपणाखाली निर्णय घेणारा माणूस आणि त्याच्या चुकांची मोजदाद, या दोन गोष्टींची इतकी बारीक नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते.

खेळ थोडक्यात समजून घेऊ. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नात चेंडू बहुधा आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो एकतर शेजारच्या धावपटूला देतो, किंवा पुढे पळणाऱ्या साथीदाराकडे फेकतो. समोरून धिप्पाड गडी त्याला पाडायला धावत असतात, आणि त्याच्यापाशी जेमतेम अडीच-तीन सेकंद असतात. फेकण्याआधीच त्याला मागे पाडलं तर तो ‘सॅक’. फेकलेला चेंडू प्रतिपक्षाने झेलला तर ते ‘इंटरसेप्शन’, म्हणजे चेंडूही गेला आणि उरलेले प्रयत्नही गेले.

मुळात या खेळात चेंडू पुढे फेकायला परवानगीच नव्हती. नुसती रेटारेटी चालायची. 1905 च्या हंगामात दीड डझनाच्या आसपास खेळाडू दगावले, त्यांत बहुतेक शाळा-कॉलेजातली मुलं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढे 1906 साली नियम बदलले आणि पुढे फेकायला मुभा मिळाली. पण ती कशी? फेकलेला चेंडू कुणाच्याही हाताला न लागता जमिनीवर पडला, तर तो थेट प्रतिपक्षाचा! म्हणजे बघा, नेम चुकलेली फेक आणि शत्रूच्या हातात दिलेली फेक, दोन्हींना शिक्षा जवळजवळ सारखीच. मग शहाणे प्रशिक्षक त्या फंदात पडतील कशाला?

या शिक्षा पुढच्या काही वर्षांत सैल होत गेल्या. 1912 साली तीनाऐवजी चार प्रयत्न मिळू लागले. 1913 मध्ये नोटर डेमच्या पोरांनी वेस्ट पॉइंटला जाऊन आर्मीच्या बलाढ्य संघाला 35-13 असं हरवलं. गस डोराइस फेकत होता आणि नूट रॉकनी झेलत होता. हात तेच, मैदान तेच. चुकीची किंमत तेवढी बदलली होती. ती अवाच्या सवा होती, तोवर माणसं प्रयत्नच करत नव्हती.

तरी भीती लगेच गेली नाही. फेक केली की तीन गोष्टी होऊ शकतात आणि त्यांतल्या दोन वाईट असतात, असं प्रशिक्षक कित्येक दशकं म्हणत राहिले. या म्हणण्याला उत्तर म्हणून ह्यूस्टन ऑयलर्सचा जॉर्ज ब्लँडा बघा. 1961 मध्ये त्याने 36 टचडाउन फेकले आणि संघाला विजेतेपद मिळवून दिलं. पुढच्याच वर्षी त्याची 42 इंटरसेप्शन्स झाली. एका हंगामातला हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. गंमत अशी की त्या 1962 सालीही ह्यूस्टन अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलंच. फक्त चुकांचा रकाना वाचणाऱ्याला हे कोडं कधी सुटायचं नाही.

आता समोरच्या बाजूकडे वळू. ‘सॅक’ हा शब्द रूढ करण्याचं श्रेय लॉस एंजेलिस रॅम्सच्या डीकन जोन्सला देतात. पण कोणी किती सॅक केले याची अधिकृत नोंद एनएफएल ठेवू लागली 1982 पासून. म्हणजे जोन्सची सारी कारकीर्द अधिकृत मोजणीबाहेरच राहिली. क्वार्टरबॅकची चूक वर्षानुवर्षं मोजली जात होती. ती करायला लावणारा मात्र हिशेबात नव्हता! 1978 साली आणखी एक बदल झाला. फेक झेलायला पळणाऱ्या गड्याला पाच यार्डांपलीकडे धक्काबुक्की करायला बंदी आली, आणि क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्यांना हात पुढे ताणून अडवायची परवानगी मिळाली. फेकणाऱ्याला श्वास घ्यायला थोडी फुरसत मिळाली.

याच्या थोडं आधी एक फार सुंदर गोष्ट घडली होती. व्हर्जिल कार्टर नावाचा एक क्वार्टरबॅक होता. शिकागोकडून खेळता खेळता तो नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकत होता. तिथल्या रॉबर्ट माकोल यांच्याबरोबर त्याने 1969 च्या हंगामातल्या सामन्यांच्या नोंदी तपासल्या आणि 1971 साली निबंध प्रसिद्ध केला. प्रश्न असा, की मैदानाच्या अमुक जागी चेंडू आपल्याकडे असणं सरासरी किती गुणांचं आहे? स्वतःच्या गोलरेषेच्या अगदी जवळ हे उत्तर उणे निघालं. चेंडू आपल्याकडे आणि तरी आपण तोट्यात! आता जोखीम आणि लाभ एकाच तराजूत घालता येऊ लागले.

हाच कार्टर तोवर सिनसिनाटीत बिल वॉल्श या सहायक प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळू लागला होता. कार्टरच्या हातात लांब फेकीची ताकद नव्हती. म्हणून वॉल्शने आखूड, नेमक्या वेळेच्या फेकींची पद्धत बसवली. आधी पहिला साथीदार बघ, तो अडला असेल तर दुसरा, मग तिसरा. कोणीच नसेल तर चेंडू बाहेर फेकून दे. क्रिकेटमध्ये ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडून देतात ना, तसंच हे. सोडून देणं हाही निर्णय असतो आणि तोही शिकवावा लागतो.

वॉल्श पुढे सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि ही पद्धत जो मोंटानाच्या हातात आली. मोंटाना चार सुपर बोल खेळला, चारही जिंकला. त्या चार सामन्यांत त्याने 122 फेकी केल्या आणि इंटरसेप्शन एकही नाही. निर्दोषपणाचा नमुना म्हणून हा आकडा नेहमी सांगतात. पण जानेवारी 1989 चा सिनसिनाटीविरुद्धचा सामना आठवा. चौथ्या डावाच्या सुरुवातीला मोंटानाची एक फेक थेट प्रतिपक्षाच्या लुइस बिलप्सच्या हातात गेली, आणि त्याच्या हातून ती सुटली. पुढच्याच फेकीवर मोंटानाने जेरी राइसला टचडाउन दिला. सामना अखेर 20-16 असा जिंकला. वहीत शून्य आहे, पण त्या शून्याला बिलप्सच्या सुटलेल्या झेलाचाही हातभार आहे.

आता याच्या उलटं उदाहरण. फेब्रुवारी 2008 मध्ये टॉम ब्रेडीचा न्यू इंग्लंड संघ ओळीने 18 सामने जिंकून सुपर बोलला आला होता. न्यूयॉर्क जायंट्सने ब्रेडीला पाच वेळा पाडलं. त्याचं इंटरसेप्शन एकही झालं नाही. तरी नियमित हंगामात 589 गुण करणारा संघ 14 वर अडकला आणि 17-14 असा हरला. दडपणाने चूक घडते हे खरंच, पण तेवढंच नाही. दडपण पर्याय हिरावून घेतं. दुसरा-तिसरा साथीदार बघायला वेळच उरत नाही, आणि हे नुकसान चुकांच्या रकान्यात दिसत नाही.

शेवटचं उदाहरण 1 फेब्रुवारी 2015 चं. सिअ‍ॅटल चार गुणांनी मागे, गोलरेषा एक यार्डावर, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ, प्रयत्न दुसरा. प्रशिक्षक पीट कॅरल यांनी धावण्याऐवजी फेक सांगितली. रसेल विल्सनने फेकली आणि माल्कम बटलर या नवख्या खेळाडूने मध्ये घुसून ती झेलली. सामना 28-24 असा गेला. इतिहासातला सर्वांत मूर्ख निर्णय, असं दुसऱ्या दिवशी लोक म्हणू लागले. पण विचार करा. वेळ थांबवायची संधी एकच उरलेली होती. फेक खाली पडली असती तर घड्याळ आपोआप थांबून आणखी दोन प्रयत्न हातात राहिले असते. शिवाय समोरच्यांनी धाव अडवण्याची तयारी केली होती. निर्णयावर वाद घालता येईल, पण त्याला कारण होतं. बटलरला हीच चाल सरावात दाखवली होती आणि तिथे तो फसला होता, म्हणूनच त्या क्षणी तो सावध होता. आणि हो, त्याच सामन्यात विजेत्या ब्रेडीची दोन इंटरसेप्शन्स झाली होती, विल्सनचं फक्त हे एक!

1976 साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघा तत्त्वज्ञांनी ज्याला ‘नैतिक नशीब’ म्हटलं, ते हेच. माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टींवरून आपण माणसाला चांगला-वाईट ठरवतो. बिलप्सने चेंडू सोडला म्हणून मोंटाना निर्दोष, बटलरने पकडला म्हणून कॅरल मूर्ख.

म्हणून परिणामाला महत्त्वच नाही, असं आमचं म्हणणं नाही. सामना शेवटी गुणांवरच ठरतो, ठरावाही. पण निर्णय घेणाऱ्याला जोखताना आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. त्या क्षणी त्याला काय ठाऊक होतं? आणि त्याच्यापुढे खरोखर किती वाटा मोकळ्या होत्या? हे न विचारता शिक्षा करत गेलो तर 1906 च्या प्रशिक्षकांसारखी माणसं तयार होतील. चेंडू हातात घट्ट धरून बसतील, चूक करणार नाहीत आणि पुढेही सरकणार नाहीत.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.